रक्तगटांचे शोधक डॉक्टर कार्ल लँडस्टायनर

रक्ताचे नाते, रक्ताचे पाणी करणे, रक्त आटविणे, रक्त उसळणे ह्या शब्दप्रयोगांवरून आपल्या लोकांनी रक्तास केवढे महत्त्व दिले आहे हे सहज ध्यानात येते. रक्त म्हणजे कुळ, रक्त म्हणजे स्वभाव, रक्त म्हणजे वाडवडिलांपासून चालत आलेला वारसा, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. अशा स्थितीत एखाद्याच्या अंगात सर्वस्वी अनोळखी मनुष्याचे रक्त घालण्याचा प्रसंग आला, म्हणजे घरच्या मंडळींच्या मनात नाना शंका उद्भवाव्या, ह्यात नवल ते काय?

पवना आणि इंद्रायणी ह्या नद्यांच्या आसपास वसलेला आमचा हा प्रदेश पूर्वी शेतीवाडीचा होता. आज पिंपरी-चिंचवड आणि भोसरीपासून थेट चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागलेली आहे, आणि आमच्या शाळेतील कितीतरी मुलांचे वडील दिवसपाळी व रात्रपाळी करून आपला संसार चालवितात. गेल्या पावसाळ्यात आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा हात चाकणकडील एका कारखान्यात पॉवर प्रेसमध्ये सापडला. रुग्णालयात पोहोचेपर्यंत अंगातील पुष्कळ रक्त वाहून गेले होते. बातमी कळताच त्यांचे धाकटे भाऊ खेड तालुक्यातील आपल्या गावाहून धावत आले आणि लागेल तेवढे रक्त माझ्या अंगातून काढून घ्या, असे डॉक्टरांस विनवू लागले. परंतु तपासणी करता धाकट्याचे रक्त ए गटाचे व थोरल्याचे बी गटाचे निघाले. सख्ख्या भावाचे रक्त उपयोगी पडले नाही. रक्तपेढीतून बी गटाच्या तीन पिशव्या आणविल्या, त्या कोणी दिल्या होत्या हे कोणास ठाऊक नव्हते, आणि त्यांनीच त्या गृहस्थांचे प्राण वाचविले. भावाचे रक्त मात्र वाया गेले नाही. पेढीने ते दुसऱ्या कोणा रुग्णासाठी ठेवून घेतले.

पुढे आम्ही समाचारास गेलो असता त्या विद्यार्थ्याच्या आजीने आम्हांस बाजूस बोलावून तीन प्रश्न विचारले. एका आईच्या पोटी जन्मलेल्या भावाचे रक्त चालले नाही, ते परक्याचे कसे चालले? ते परके रक्त आता आपल्या लेकाच्या अंगात जन्मभर राहणार काय? आणि ते राहिले, तर लेकाचा स्वभाव, त्याची जात, त्याचे सारे पालटून तर जाणार नाही ना? तिसरा प्रश्न विचारताना त्या माउलीचा स्वर अगदी खाली गेला होता. खरे सांगावयाचे तर त्या वेळी आम्हांस नीट उत्तर देता आले नाही. घरी येऊन आम्ही पुस्तके चाळू लागलो, आणि आजीच्या पहिल्या प्रश्नाचा माग घेता घेता व्हिएन्ना शहरातील एका अबोल डॉक्टरापाशी येऊन पोहोचलो. त्यांचेच चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

कार्ल लँडस्टायनर ह्यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी ऑस्ट्रिया देशात झाला. त्यांचे वडील लिओपोल्ड हे व्हिएन्नातील नामांकित वृत्तपत्रकार होते. परंतु कार्ल अवघे सहा वर्षांचे असताना पितृछत्र हरपले आणि मुलाच्या संगोपनाचा सर्व भार आई फॅनी ह्यांच्यावर पडला. आईवर मुलाची विलक्षण भक्ती होती. ती निवर्तल्यावर तिच्या चेहऱ्याचा घेतलेला ठसा त्यांनी आपल्या खोलीच्या भिंतीवर लावला, आणि पुढे देश बदलले तरी तो आयुष्यभर जवळ बाळगला. रक्ताचे नाते म्हणजे काय, हे ह्या मनुष्यास कोणी शिकवावे अशी स्थिती नव्हती. आणि तरीही रक्ताच्या जुळणीस नात्याचा आधार पुरत नाही, हे जगास दाखवून देण्याचे काम त्यांच्याच हातून व्हावयाचे होते.

व्हिएन्ना विद्यापीठातून १८९१ साली त्यांनी वैद्यकाची पदवी मिळविली. विद्यार्थिदशेतच, आहारामुळे रक्ताच्या राखेतील घटकांत काय फरक पडतो, ह्या विषयावर त्यांनी निबंध प्रसिद्ध केला होता. पदवी हाती आल्यावर दवाखाना थाटून पैसा मिळविण्याचा मार्ग मोकळा होता. तो सोडून हे गृहस्थ पुन्हा विद्यार्थी झाले. रोगाचे खरे स्वरूप समजण्यास रसायनशास्त्र पाहिजे, अशी त्यांची खात्री पटली होती. म्हणून झुरिक, वुर्झबुर्ग आणि म्युनिक येथील श्रेष्ठ रसायनशास्त्रज्ञांच्या हाताखाली त्यांनी काही वर्षे घालविली. एमिल फिशर हे त्यांच्या गुरूंपैकी एक होत. १८९८ पासून पुढील दहा वर्षे ते व्हिएन्ना विद्यापीठाच्या विकृतिशास्त्र विभागात होते. ह्या काळात त्यांनी साडेतीन हजारांहून अधिक शवविच्छेदने केली. दिवसभर मृतांच्या शरीराची तपासणी करावी आणि उरलेल्या वेळात जिवंतांच्या रक्ताचा अभ्यास करावा, असा त्यांचा क्रम होता.

त्यांच्या शोधाचे मोल कळण्यास त्यापूर्वीची स्थिती थोडी जाणून घेणे अवश्य आहे. रक्त देऊन प्राण वाचवावे ही कल्पना फार जुनी. १६६७ साली पॅरिस येथे झां बाप्तिस्त देनी नावाच्या वैद्याने मेंढ्याचे रक्त मनुष्याच्या शिरेत घातले. पुढे त्याच्या एका रुग्णाचा मृत्यू ओढवला, प्रकरण न्यायालयात गेले आणि असले प्रयोग बंद पडले. १८१८ साली लंडनमध्ये जेम्स ब्लंडेल ह्या प्रसूतितज्ज्ञाने माणसाचेच रक्त माणसास देण्याचा उपक्रम सुरू केला. परंतु एक रुग्ण उठून बसे, तर दुसरा त्याच उपायाने थरथर कापू लागे, त्याची लघवी काळपट तांबडी होई आणि तो प्राणास मुके. दोघांसही मनुष्याचेच रक्त दिलेले. मग असे का व्हावे? ह्याचे उत्तर कोणापाशीही नव्हते.

लँडस्टायनर ह्यांनी ह्या कोड्यास हात घातला तो अगदी साध्या साधनांनी. त्यांनी स्वतःचे व आपल्या प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांचे रक्त घेतले, प्रत्येकाच्या रक्तातील तांबड्या पेशी निराळ्या केल्या आणि वरचा पाण्यासारखा रक्तद्रव निराळा केला. नंतर ह्याच्या पेशी त्याच्या रक्तद्रवात आणि त्याच्या पेशी ह्याच्या रक्तद्रवात, अशा सर्व जोड्या मिसळून पाहिल्या. काही जोड्यांत पेशी मोकळ्या पोहत राहिल्या. काहींत मात्र त्यांचे पुंजके बांधले गेले. असे पुंजके रोग्यांच्या रक्तात इतरांनीही पाहिले होते, आणि ते रोगाचेच लक्षण असावे असे कित्येकांस वाटले होते. लँडस्टायनर ह्यांच्या प्रयोगातील माणसे मात्र निरोगी होती. १९०० साली एका लेखाच्या तळटिपेत त्यांनी ह्या गोष्टीचा उल्लेख केला, आणि १९०१ साली स्वतंत्र निबंध लिहून मनुष्यांच्या रक्ताचे तीन गट असल्याचे जाहीर केले. त्यांस त्यांनी ए, बी व सी अशी नावे दिली. त्यांतील सी गटास पुढे ओ म्हणू लागले. चौथा एबी हा गट १९०२ साली त्यांच्याच सहकाऱ्यांस सापडला.

ह्या गटांचे मर्म असे आहे. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर काही सूक्ष्म खुणा असतात. ए गटाच्या पेशीवर ए खूण, बी गटाच्या पेशीवर बी खूण, एबी गटाच्या पेशीवर दोन्ही, आणि ओ गटाच्या पेशीवर ह्यांपैकी एकही नाही. जी खूण स्वतःच्या पेशीवर नाही, तिच्यावर तुटून पडणारी प्रतिद्रव्ये मात्र रक्तद्रवात आधीपासून तयार असतात. बी गटाच्या माणसास ए गटाचे रक्त दिले, म्हणजे ही प्रतिद्रव्ये पाहुण्या पेशींस चिकटतात, त्या शिरांतच फुटतात, त्यांतील हिमोग्लोबिन मोकळे होऊन मूत्रपिंडांवर आघात होतो, आणि रुग्ण दगावण्याची वेळ येते. आपल्या विद्यार्थ्याच्या काकांचे रक्त डॉक्टरांनी नाकारले ते ह्याच कारणाने. एका आईबापांच्या दोन मुलांस निरनिराळ्या खुणा वारशाने मिळू शकतात, आणि हजारो मैलांवरच्या अनोळखी माणसाची खूण आपल्या खुणेशी तंतोतंत जुळू शकते. आजीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे.

एवढा मोठा शोध लागला तरी जगाने त्याची दखल लगेच घेतली नाही. निबंधाच्या शेवटी ग्रंथकर्त्याने, रक्त देण्याच्या प्रयोगांत दिसणाऱ्या कमीअधिक यशाचा उलगडा ह्या शोधाने होण्यासारखा आहे, असे सुचविले होते. परंतु डॉक्टर मंडळी पूर्वीप्रमाणेच अंदाजाने चालत राहिली. १९०७ साली न्यू यॉर्क येथे रूबेन ओटनबर्ग ह्यांनी रक्त देण्यापूर्वी दात्याचे व रुग्णाचे रक्त एकमेकांशी जुळवून पाहण्यास आरंभ केला. पुढे १९१४ व १९१५ साली, सोडियम सायट्रेट घातले असता रक्त गोठत नाही, हे निरनिराळ्या देशांतील संशोधकांनी दाखविले, आणि रक्त काही काळ साठवून ठेवणे शक्य झाले. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांस त्याचा लाभ मिळाला. गट जुळविणे आणि रक्त साठविणे ह्या दोन गोष्टी एकत्र आल्या, तेव्हाच आजच्या रक्तपेढीचा पाया घातला गेला.

लँडस्टायनर मात्र एका शोधावर विसंबून बसणारे नव्हते. १९०८ साली त्यांनी व्हिएन्नातील एका मोठ्या रुग्णालयात विकृतिशास्त्रज्ञाची जागा पत्करली, आणि त्याच सुमारास एर्विन पॉपर ह्या सहकाऱ्यासह त्यांनी पोलिओचा रोग माकडांच्या अंगी उतरवून दाखविला. हा रोग सूक्ष्मदर्शकाखाली न दिसणाऱ्या विषाणूने होतो हे त्यावरून सिद्ध झाले. पुढील काळात पोलिओच्या लसीपर्यंत जी वाट गेली, तिच्या आरंभीचा एक दगड ह्या हातांनी बसविलेला आहे.

१९१६ साली त्यांनी हेलेन व्लास्टो ह्यांच्याशी विवाह केला. पुढील वर्षी त्यांस एक पुत्र झाला. परंतु महायुद्धात ऑस्ट्रियाचा पराभव झाला, साम्राज्य मोडले आणि व्हिएन्नात अन्नाची व सरपणाची टंचाई पडली. ज्यांच्या शोधाने रणांगणावर माणसे वाचली होती, त्यांस स्वतःच्या तान्ह्या मुलाची उपासमार टाळण्याची चिंता पडली. १९१९ साली बायकामुलास घेऊन ते हॉलंडमधील हेग शहरी गेले, व तेथील एका लहान रुग्णालयात रोजची रक्ताची व लघवीची तपासणी करण्याची साधी नोकरी त्यांनी धरली. पन्नाशी उलटलेल्या विद्वानास ही स्थिती कमीपणाची वाटावी. परंतु त्यांनी तेथेही फावल्या वेळात आपले संशोधन सोडले नाही. अखेर १९२२ साली न्यू यॉर्क येथील रॉकफेलर संस्थेने त्यांस पाचारण केले, आणि पुढील सर्व आयुष्य त्यांनी तेथेच वेचले.

आता आजीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. दिलेले रक्त शरीरात किती दिवस राहते? लँडस्टायनर हेगला निघाले त्याच १९१९ साली, अमेरिकेतील मेयो क्लिनिक ह्या संस्थेत काम करणाऱ्या विनिफ्रेड ॲशबी ह्या विदुषीने ह्याचे उत्तर शोधले. आणि ते शोधण्यास तिने हत्यार वापरले ते लँडस्टायनर ह्यांच्या गटांचेच. ए गटाच्या रुग्णास ओ गटाचे रक्त दिलेले असले, म्हणजे त्याच्या शिरांत दोन प्रकारच्या पेशी एकत्र फिरत असतात. दिसण्यात त्या सारख्याच. परंतु त्याच्या रक्ताच्या थेंबात ए खुणेवर चालून जाणारा रक्तद्रव मिसळला, की रुग्णाच्या स्वतःच्या पेशींचे पुंजके होतात आणि पाहुण्या ओ पेशी तेवढ्या मोकळ्या राहतात. त्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजावयाच्या. काही दिवसांनी पुन्हा थेंब घ्यावयाचा, पुन्हा मोजावयाच्या. दिलेल्या पेशी थोड्याच दिवसांत नाहीशा होतात असा त्या काळी पुष्कळांचा समज होता. ॲशबीबाईंस त्या महिना उलटून गेला तरी फिरताना आढळल्या. पुढे ह्याच पद्धतीने व नंतर इतर पद्धतींनी निश्चित झाले, की तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. मग ती स्वतःच्या घरी असो वा दुसऱ्याच्या.

रक्तपेढीतील पिशवी शिरेस जोडल्यावर पुढे काय घडते, ते आता क्रमाने सांगतो. रक्त पेढीत शीतपेटीत ठेवलेले असते, आणि साठवणीच्या काळात काही पेशी दुबळ्या होतात. अशा दुबळ्या पेशी रुग्णाचे शरीर पहिल्या चोवीस तासांतच वेचून काढते. सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक पेशी मात्र टिकाव धरतात. साठवणीत त्यांची प्राणवायू सोडून देण्याची शक्ती थोडी मंदावलेली असते. ती दोनतीन दिवसांत पूर्ववत होते. मग त्या फुप्फुसांतून प्राणवायू उचलून शरीराच्या कानाकोपऱ्यांत पोहोचवू लागतात, आणि आपण परक्या घरी आहो हे त्यांच्या कामावरून ओळखूही येत नाही. रक्त गोठविण्यास मदत करणाऱ्या बिंबिका दिलेल्या असल्या तर त्या काही दिवसच जगतात.

पिशवीतील पेशी सर्व एकाच वयाच्या नसतात. काही कालपरवा जन्मलेल्या, काही महिन्याच्या, काहींचे आयुष्य संपत आलेले. म्हणून त्या एकदम जात नाहीत. रोज थोड्या थोड्या जातात. सुमारे दोन महिन्यांत निम्म्या उरतात, आणि चार महिन्यांच्या आत-बाहेर शेवटचीही निघून जाते. त्यांचे शेवट कोठे होते? प्लीहा, यकृत आणि अस्थिमज्जा ह्यांत काही भक्षक पेशी असतात. त्या जुन्या झालेल्या पेशी गिळतात. हिमोग्लोबिनचा रंगद्रव्याचा भाग पित्तातून बाहेर पडतो. प्रथिनांचे घटक पुन्हा उपयोगात येतात. आणि लोह मात्र शरीर जपून ठेवते. साडेतीनशे मिलिलिटरच्या एका पिशवीतून सुमारे दीडशे ते दोनशे मिलिग्रॅम लोह मिळते. हे लोह रुग्णाच्या अस्थिमज्जेकडे जाते, आणि तेथे त्याच्या स्वतःच्या नव्या पेशी घडविण्यास लागते. पाहुणा निघून जातो. त्याने आणलेली शिदोरी घरात राहते.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ह्यातच आले. मनुष्याच्या पक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसते, त्यामुळे वारशाची गुणसूत्रेही नसतात. पांढऱ्या पेशींत ती असतात; परंतु दिलेल्या रक्तातील पांढऱ्या पेशी थोड्या, त्या पुष्कळदा आधीच गाळून काढलेल्या असतात, आणि ज्या जातात त्या सामान्यतः लवकरच नाश पावतात. नवे रक्त जेथे तयार होते त्या अस्थिमज्जेस दात्याकडून कोणतीही आज्ञा मिळत नाही. बी गटाचा मनुष्य बी गटाचाच राहतो, त्याची मुले त्याचीच राहतात, आणि त्याच्या स्वभावास यत्किंचितही धक्का लागत नाही. राहिली जात, तर तिच्यासाठी पेशीवर खूण म्हणून नाहीच. प्रत्येक जातीत व प्रत्येक धर्मात ए, बी, ओ व एबी ह्या चारही गटांची माणसे सापडतात. रक्तपेढीतील पिशवीवर गट लिहिलेला असतो, तारीख लिहिलेली असते; तिसरी गोष्ट विचारण्याचे शरीरास कारण पडत नाही.

न्यू यॉर्क येथे लँडस्टायनर ह्यांनी रक्तावरील काम पुन्हा हाती घेतले. १९२७ साली फिलिप लेव्हाइन ह्यांच्यासह त्यांनी एम, एन व पी ह्या आणखी खुणा शोधल्या. १९३० साली, मनुष्याच्या रक्तगटांच्या शोधाबद्दल, त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर मूळ निबंधास एकोणतीस वर्षे लोटली होती. प्रसिद्धीची त्यांस मुळीच हौस नव्हती. पियानो ते उत्तम वाजवीत; परंतु लोकांत मिसळण्यापेक्षा प्रयोगशाळा त्यांस अधिक प्रिय होती.

१९४० साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, अलेक्झांडर वीनर ह्यांच्यासह त्यांनी आणखी एक महत्त्वाचा शोध जाहीर केला. ऱ्हीसस जातीच्या माकडाच्या पेशी सशास टोचून तयार केलेल्या रक्तद्रवाने न्यू यॉर्कमधील शंभर गोऱ्या लोकांपैकी सुमारे पंच्याऐंशींच्या पेशींचे पुंजके होत, इतरांचे होत नसत. हाच आरएच घटक. आपल्या गटापुढे जे पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह लिहिलेले असते, ते ह्यावरून. ए-बी गट जुळूनही काही रुग्णांस दुसऱ्या खेपेचे रक्त का बाधते, आणि काही मातांची मुले पोटातच किंवा जन्मताच का दगावतात, ह्या दोन दुःखद कोड्यांचा उलगडा ह्या घटकामुळे झाला. निगेटिव्ह मातेच्या शरीरात पॉझिटिव्ह बालकाच्या पेशी शिरल्या, तर तिचे शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये बनविते, आणि ती पुढील बालकाच्या पेशी फोडतात. आज अशा मातांस वेळीच एक इंजेक्शन देऊन हा अनर्थ टाळता येतो.

१९३९ साली त्यांस नियमाप्रमाणे निवृत्ती मिळाली होती. परंतु ती कागदावरच राहिली. २४ जून १९४३ रोजी प्रयोगशाळेत काम करीत असताना त्यांस हृदयविकाराचा झटका आला. त्या वेळी त्यांच्या हातात काचेची नळी होती असे सांगतात. दोन दिवसांनी, २६ जून रोजी, संस्थेच्याच रुग्णालयात ह्या थोर पुरुषाने देह ठेवला. त्यांच्या नावावर साडेतीनशेच्या जवळपास निबंध जमा होते.

येथे चरित्र संपले. परंतु त्यांनी मांडलेला हिशेब पुरा व्हावयाचा होता, आणि त्यातील एक मोलाची भर आपल्या महाराष्ट्रातून पडली, हे आमच्या वाचकांनी अभिमानाने लक्षात ठेवावे. ओ गटाच्या पेशींवर काहीच खूण नसते, म्हणून त्या कोणासही चालाव्या, असा समज होता. १९५२ साली मुंबईचे डॉक्टर वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅन्सेट ह्या विख्यात नियतकालिकात अशा तीन व्यक्तींची हकीकत प्रसिद्ध केली, की ज्यांच्या पेशी वरवर पाहता ओ गटाच्या भासत. परंतु ज्यांचा रक्तद्रव ओ गटाच्या पेशींचेही पुंजके करी. म्हणजे ज्या पेशी रिकाम्या समजल्या होत्या त्यांवरही एक खूण होती, आणि ती ह्या तिघांत नव्हती. त्या खुणेस एच असे म्हणतात, आणि ज्यांच्यात ती नाही त्यांच्या गटास बॉम्बे रक्तगट म्हणू लागले. मुंबईचे नाव बदलले, गटाचे नाव तेच राहिले. भारतात सुमारे दहा हजार माणसांत असा एखादाच सापडतो. त्यास ए, बी, एबी किंवा ओ, ह्यांपैकी कोणतेही रक्त दिले तर ते टिकत नाही. त्यास त्याच गटाचा दाता पाहिजे. असा दाता पुष्कळदा सख्ख्या भावंडांतच मिळण्याचा अधिक संभव असतो. एवंच, कधी भाऊ उपयोगी पडतो, कधी परका. निवाडा नात्याने होत नाही, तपासणीने होतो.

दिवाळी उलटल्यावर आम्ही पुन्हा त्या विद्यार्थ्याच्या घरी गेलो. त्याचे वडील अंगणात बसले होते; हाताची दोन बोटे गेली होती, परंतु चेहऱ्यावर तेज आले होते. आजीस आम्ही वर लिहिलेले सारे समजेल अशा शब्दांत सांगितले. अपघातास चार महिने होऊन गेले, तेव्हा ते परके रक्त आता जवळजवळ सगळे निघून गेले असेल. राहिले असेल ते त्यातील लोह, आणि त्यापासून लेकाच्या शरीराने स्वतःचे रक्त बनविले असेल, हे ऐकून त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी एकच गोष्ट विचारली. आपल्या धाकट्या मुलाने त्या दिवशी जे रक्त दिले, ते कोणाच्या अंगात गेले? ते कोणास सांगता येणार नाही, असे आम्ही म्हणालो. परंतु तेही आतापर्यंत आपले काम करून संपले असेल, आणि त्यातील लोह कोणा अनोळखी घरातील मनुष्याच्या रक्तात मिसळून गेले असेल. आजींनी हात जोडले. कोणास, ते आम्ही विचारले नाही.

चाकणच्या भुईकोट किल्ल्यापायी १६६० साली फिरंगोजी नरसाळा व त्याच्या मावळ्यांनी रक्त सांडले, ही कथा आमच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ आहे. आज ह्याच भूमीत रक्त सांडण्याचे प्रसंग यंत्रांपाशी आणि पुणे-नाशिक रस्त्यावर येतात, आणि ते भरून काढावयास कोणताही कारखाना उपयोगी पडत नाही. कारण मनुष्याचे रक्त मनुष्यावाचून अद्याप कोठेही तयार होत नाही. साठवून ठेवले तरी ते काही आठवडेच टिकते. म्हणून रक्तपेढी एकदा भरली आणि काम संपले, असे होत नाही. ती पुन्हा पुन्हा भरावी लागते.

लँडस्टायनर ह्यांचा जन्मदिवस, १४ जून, हा २००४ सालापासून जगभर रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो. आमच्या विद्यार्थ्यांस वयाच्या अठराव्या वर्षापूर्वी रक्त देता येत नाही, आणि देऊही नये. परंतु अठरा वर्षे पुरी झाल्यावर, वजन पंचेचाळीस किलोग्रॅम किंवा अधिक असून प्रकृती निकोप असेल, तर पुरुषास तीन महिन्यांनी व स्त्रीस चार महिन्यांनी ते पुन्हा पुन्हा देता येते. तोवर प्रत्येकाने एवढे तरी करावे, की आपला व घरातील सर्वांचा रक्तगट तपासून वहीत लिहून ठेवावा, आणि घरी कोणी वडीलधारे माणूस आजींप्रमाणे हळू आवाजात प्रश्न विचारील, तर त्यास हसू नये. त्या प्रश्नाचे उत्तर देणे एका मनुष्याने आपल्या जन्माचे काम मानले होते. आपणांस ते केवळ समजावून सांगावयाचे आहे.